एकशे पासष्टातला एक

आयुष्यात बरेच रिव्ह्यू केले. कोडचे केले, डिझाइन डॉक्युमेंटचे केले, एकदा तर टीममधल्या एका पोराच्या लग्नाच्या बायोडेटाचाही केला. पण निवडणुकीच्या जाहीरनाम्याचा रिव्ह्यू करायची वेळ पहिल्यांदाच आली ती डिसेंबर २०२५ मध्ये.

झालं असं की, पुणे महापालिकेची निवडणूक अखेर लागली, १५ जानेवारी २०२६ ला. आणि आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू अपक्ष उभ्या राहिल्या. काकू बँकेतून निवृत्त झालेल्या, सगळी नोकरी ऑडिटमध्ये. नाव सांगत नाही, त्यांना ते आवडणार नाही. आमच्या प्रभागातल्या चारपैकी एक जागा सर्वसाधारण महिलांसाठी होती, तिथे त्यांनी अर्ज भरला. एका शनिवारी त्या जाहीरनाम्याची आठ पानं घेऊन आमच्याकडे आल्या.

"अरे, शुद्धलेखन बघू नकोस, ते मी बघितलंय. यात खरं किती आणि हवेतलं किती, तेवढं सांग."

तेवीस कलमं होती. एकही वाईट नव्हतं. रोज पुरेसं पाणी, दर दहा मिनिटांना बस, चालता येतील असे फुटपाथ, चौकाचौकात वाहतूक पोलीस, लोकांनी थेट निवडलेला महापौर, प्रभागाला एकच नगरसेवक, टेकड्यांना संरक्षण, पारदर्शक अंदाजपत्रक... म्हणजे तुम्हाला-मला शहराकडून जे जे हवं असतं ते सगळं.

मग आम्ही तीन रंगांचे हायलायटर घेऊन बसलो. एकटा नगरसेवक स्वतःच्या हिमतीवर करू शकतो ते हिरवं. सभागृहात बहुमत लागेल ते पिवळं. महापालिकेच्या हातातच नाही, मंत्रालयात किंवा दिल्लीत ठरतं ते लाल. साधी डिपेन्डन्सीची यादी, आपण प्रोजेक्टच्या सुरुवातीला करतो तशी.

दोन तासांनी हिशेब लागला. अकरा लाल, आठ पिवळी, चार हिरवी.

लाल रंग कुठून आला ते जरा सविस्तर सांगतो, कारण मला स्वतःला ते बघून चक्रावायला झालं.

पाणी घ्या. पुण्याचं पाणी मुख्यतः खडकवासला प्रकल्पाच्या धरणांतून येतं. धरणं राज्याच्या जलसंपदा विभागाची. किती टीएमसी द्यायचं यावर महापालिका आणि तो विभाग यांची वर्षानुवर्षं पत्रापत्री चालते. बस घ्या. पीएमटी आणि पीसीएमटी एकत्र करून २००७ मध्ये पीएमपीएमएल ही वेगळी कंपनी झाली. पुण्याचा नगरसेवक तिचं वेळापत्रक ठरवत नाही. चौकातला पोलीस गृहखात्याचा. मेट्रो महामेट्रोची, म्हणजे केंद्र आणि राज्य यांची. शहराची हद्दसुद्धा शहर ठरवत नाही. २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावं पुण्यात आली ती राज्य सरकारच्या निर्णयाने.

पैशाचं काय? एके काळी जकात होती. लोकांना ती आवडत नव्हती हे खरं, पण तो शहराचा स्वतःचा पैसा होता. पुण्यात २०१३ मध्ये जकात जाऊन एलबीटी आला, २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांचा एलबीटी गेला, २०१७ मध्ये जीएसटी आला. आता त्या जागी राज्याकडून अनुदान येतं. राहता राहिला मिळकतकर. तर स्वतःच्या घरात राहणाऱ्यांना मिळणारी चाळीस टक्क्यांची सवलत पुण्यात १९७० पासून होती, ती मध्यंतरी राज्य सरकारने काढली आणि २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळानेच परत दिली. म्हणजे कोथरूडच्या दोन खोल्यांवर किती घरपट्टी लावायची याचा फैसला मुंबईत!

आणि महापौर. आपल्याला वाटतं महापौर म्हणजे शहराचा मुख्यमंत्री. तसं नाही. मुंबई वगळता राज्यातल्या महापालिका १९४९ च्या कायद्यावर चालतात. त्या कायद्यात अंमलबजावणीचा अधिकार आयुक्ताला आहे, आणि आयुक्त नेमतं राज्य सरकार. महापौर सभा चालवतो, पाहुण्यांचं स्वागत करतो, अडीच वर्षांनी पायउतार होतो. महासभेने केलेला एखादा ठराव पटला नाही, तर तो निलंबित किंवा रद्द करायचा अधिकारही कलम ४५१ प्रमाणे राज्य सरकारकडे आहे. गंमत म्हणजे लहान गावातल्या नगरपालिकेचा नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडला जातो, पण पस्तीस-चाळीस लाखांच्या शहराचा महापौर मात्र नगरसेवक निवडतात. कोलकात्यासारखी 'मेयर इन कौन्सिल', म्हणजे महापौराचं छोटं मंत्रिमंडळ, हा प्रयोग आपल्याकडे मुंबई आणि नागपूरला १९९८ मध्ये झाला होता. १९९९ मध्ये गुंडाळला.

हे सगळं बदलण्यासाठीच तर चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती झाली ना? झाली. १ जून १९९३ पासून लागू आहे. बारावी अनुसूची आली, अठरा विषय शहरांकडे द्यायचे ठरले. पण द्यायचे म्हणजे राज्य विधिमंडळ 'देऊ शकेल'. 'देईल' नाही. स्पेकमध्ये 'शॅल'च्या जागी 'मे' पडला की पुढे काय होतं, हे आपल्या धंद्यातल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

आता काकूंसारख्या अपक्षाची गोष्ट. मुळात लढाईच अवघड. पुण्यात या वेळी ४१ प्रभाग आणि १६५ नगरसेवक होते. चाळीस प्रभाग चार-चार जणांचे, एक पाच जणांचा. २०११ च्या जनगणनेच्या आकड्यांवर सरासरी काढली तरी एका प्रभागात साधारण ८५ हजार माणसं येतात. मोठ्या पक्षाचं चौघांचं पॅनल असतं, एकच पत्रक, एकच गाडी, एकच सभा. अपक्षाला तेवढीच हद्द एकट्याने चालायची. त्यात अपक्षाचं चिन्ह कळतं अर्ज मागे घ्यायची मुदत संपल्यावर. काकूंना जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात 'कपाट' मिळालं आणि ते घेऊन हिंडायला उरले जेमतेम दहा-बारा दिवस. यंत्रावर नाव खाली, मोठ्या पक्षांच्या नंतर.

ही प्रभाग पद्धत तरी कायम असावी? छे. पुण्यात २००२ ला तीनचा प्रभाग होता, २००७ ला एकचा, २०१२ ला दोनचा, २०१७ ला चारचा. दर वेळी आकडा मुंबईत ठरला. मुंबईने स्वतःला मात्र एका वॉर्डाला एकच नगरसेवक ठेवला आहे, २२७ वॉर्ड, २२७ नगरसेवक. २००७ मध्ये जुहूतून अॅडॉल्फ डिसूझा 'नागरिकांचा उमेदवार' म्हणून अपक्ष निवडून आले, ते अशा छोट्या वॉर्डातून. तिथे माणूस पायी फिरून लोकांना भेटू शकतो. ८५ हजारांत पायी फिरून बघा!

तर लाल अकरा कलमं. माझं म्हणणं होतं, सरळ काढून टाका. जे करता येणार नाही ते छापायचं कशाला?

काकू म्हणाल्या, "काढणार नाही."

"अहो काकू, पण हे तुमच्या हातात नाहीये."

"हातात नाही म्हणून मागायचंही नाही? तू पगारवाढ मागतोस ती काय तुझ्या हातात असते?"

इथे आमचं चांगलं तासभर वाजलं. माझा मुद्दा प्रामाणिकपणाचा होता, त्यांचाही प्रामाणिकपणाचाच होता. शेवटी त्यांनीच तोड काढली, आणि ऑडिटच्या नोकरीचं चीज झालं म्हणायचं. त्यांनी आठ पानांची दोनच पानं केली. एका पानावर मथळा 'करीन'. दुसऱ्यावर 'मागीन'. लाल आणि पिवळी कलमं सगळी 'मागीन'मध्ये गेली, आणि प्रत्येकापुढे कोणाकडे मागायचं ते लिहिलं : जलसंपदा विभाग, नगरविकास विभाग, पोलीस आयुक्त, महासभा. 'करीन'मध्ये फक्त चार हिरवी.

एवढं साधं पान मी आजवर कुठल्या पक्षाच्या पत्रकात बघितलेलं नाही. आपण जाहीरनामे वाचत नाही याचं कारण आपला आळस, असं मला वाटायचं. पण वाचून तरी काय कळणार होतं? करीन आणि मागीन यांची खिचडी केलेली असते. पाच वर्षांनी कोणाला कशाचा जाब विचारायचा तेच कळू नये, अशी सोय.

ती चार हिरवी कलमं अशी.

एक. 'स' यादीचा हिशेब. 'स' यादी म्हणजे पुण्याच्या अंदाजपत्रकाला जोडलेली, नगरसेवकांनी सुचवलेल्या प्रभागातल्या कामांची यादी. बाकं, नामफलक, कापडी पिशव्या, पेव्हर ब्लॉक हे सगळं त्यातून येतं. काकूंचं आश्वासन असं की काम सुचवण्याआधी यादी चौकातल्या फलकावर लावीन, आणि काम झाल्यावर ठेकेदार, रक्कम आणि तारीख त्याच फलकावर लिहीन.

दोन. क्षेत्रसभा. हा शब्द तुम्ही ऐकला नसेल. गावाला ग्रामसभा असते तशी शहरात नगरसेवकाने मतदारांची सभा घ्यायची, अशी तरतूद आपल्या राज्याच्या कायद्यात २००९ पासून आहे. 'जेएनएनयूआरएम'चे पैसे हवेत तर असा कायदा करा, अशी केंद्राची अट होती, म्हणून केला. बहुतेक शहरांत तो कागदावरच राहिला. पण घ्यायची म्हटली तर नगरसेवकाला अडवतंय कोण? काकू म्हणाल्या, दर तीन महिन्यांनी, शाळेच्या हॉलमध्ये, आणि इतिवृत्त लेखी.

तीन. महासभेत कशावर कसं मत दिलं आणि का, हे त्याच रात्री प्रभागातल्या लोकांना कळवीन.

चार. वर्गीकरणाला विरोध. अंदाजपत्रकात एका कामासाठी ठेवलेले पैसे नंतर दुसऱ्या कामाकडे वळवणं, याला महापालिकेच्या भाषेत वर्गीकरण म्हणतात. कधी ते गरजेचं असतं. पण वर्षाच्या शेवटी शेवटी वर्गीकरणाच्या प्रस्तावांची जी झुंबड उडते ती सगळी गरजेची नसते. कुठलं काम मारून पैसे वळवताय हे लेखी सांगितल्याशिवाय मी हात वर करणार नाही आणि माझा विरोध इतिवृत्तात नोंदवायला लावीन, हे चौथं आश्वासन.

बघा, यात एकालाही बहुमत लागत नाही. स्थायी समितीत जागाही लागत नाही. ती तशीही मिळाली नसती, कारण सोळा जणांची ती समिती पक्षांच्या संख्याबळाप्रमाणे वाटली जाते आणि एकट्या अपक्षाला कुठल्या तरी गटाच्या दारात उभं राहावं लागतं. एका नगरसेवकाकडे सिस्टीमचा 'राईट' ॲक्सेस जवळजवळ नसतोच. पण 'रीड' ॲक्सेस मात्र असतो. प्रश्न विचारता येतात, फाइल मागता येते, सभेत बोललेलं नोंदलं जातं. आणि वाचलेलं इतरांना वाचून दाखवायला कोणाची परवानगी लागत नाही.

एकटं मत नोंदवून काय होतं, असं मी काकूंना विचारलं. त्यांनी मला महात्मा फुल्यांची आठवण करून दिली. फुले १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सभासद होते. निवडून आलेले नव्हते, सरकारनियुक्त होते. लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून त्याच्या स्वागतावर हजार रुपये खर्च करायचा प्रस्ताव आला. बत्तीस सभासदांत विरोध करणारे फुले एकटे. हा पैसा शिक्षणावर लावा, असं त्यांचं म्हणणं. प्रस्ताव अर्थातच मंजूर झाला. पुढे मंडईच्या इमारतीवर मोठा खर्च निघाला तेव्हाही त्यांनी विरोध केला, त्या वेळी साथीला हरी रावजी चिपळूणकर होते. तीही इमारत झालीच. रे मार्केट नाव होतं तिचं. आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना तिला नाव दिलं गेलं, महात्मा फुले मंडई! म्हणजे ज्यांनी खर्चाला विरोध केला त्यांचंच नाव.

"हरलेलं मत आपल्याला आज माहीत आहे, ते का?" काकू म्हणाल्या. "कारण कोणीतरी ते लिहून ठेवलं. बाकीच्या एकतीस जणांतली नावं सांग बघू."

मला एकही सांगता आलं नाही.

प्रचार सुरू झाला. संध्याकाळी ऑफिसातून आलो की मी आणि सोसायटीतली दोन-तीन पोरं त्यांच्याबरोबर फिरायचो. 'करीन'चं पान लोक उलटं-सुलटं करून बघायचे. एका आजोबांनी विचारलं, "एवढंच?" एका ताईंनी विचारलं, "आमच्या गल्लीच्या ड्रेनेजचं काय?" काकू म्हणाल्या, "यादीत घालीन, आणि का होत नाही ते दर तीन महिन्यांनी तुमच्यासमोर सांगीन." ताईंचा चेहरा काही खुलला नाही. शेजारच्या पत्रकात तर थेट लिहिलं होतं, ड्रेनेजची समस्या कायमची सोडवू. खरं बोलणाऱ्याचं पत्रक नेहमी गरीबच दिसतं.

आणि आपली मंडळी? आमच्या ऑफिसच्या जेवणाच्या टेबलावरचा संवाद जसाच्या तसा देतो. एक मित्र म्हणाला, "मार्च २०२२ पासून पुण्यात एकही नगरसेवक नव्हता. कचरा उचलला गेला, पाणी आलं. तुला काय फरक पडला?"

प्रश्न बोचरा होता आणि बिनबुडाचा नव्हता. १४ मार्च २०२२ ला जुन्या सभागृहाची मुदत संपली. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना यांच्या खटल्यांत निवडणूक अडकली. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ ला निवडणुका घ्या म्हणून आदेश दिला, तोवर तीन वर्षं होऊन गेली होती. या सगळ्या काळात आयुक्त हेच प्रशासक. म्हणजे प्रस्ताव मांडणारे तेच, स्थायी समिती म्हणून तपासणारे तेच आणि महासभा म्हणून मंजूर करणारेही तेच. २०२५-२६ चं पुण्याचं अंदाजपत्रक १२ हजार ६१८ कोटींचं होतं. ते असंच मंजूर झालं.

मी त्याला एवढंच विचारलं, "तू स्वतः लिहिलेला कोड स्वतःच रिव्ह्यू करून स्वतःच प्रॉडक्शनला टाकलास तर तुझा मॅनेजर चालवून घेईल का?" तो हसला. "पण चालला तर चालला ना," म्हणाला. खरंच आहे, चालतो. बहुतेक दिवस चालतो. ज्या दिवशी चालत नाही त्या दिवशी मात्र कुठे बिघडलं हे सांगायला कोणाकडे काही लिहिलेलं नसतं.

तो मत द्यायला गेला की नाही मला माहीत नाही. त्याचं नाव अजून नागपूरच्या यादीत असावं. आमच्या टीममध्ये असे बरेच आहेत. पुण्यात घर घेतलं, गाडीची पासिंग पुण्याची, पोरांची शाळा पुण्याची, मत तेवढं गावाकडे.

१६ जानेवारीला निकाल लागला. काकू निवडून आल्या नाहीत. अनामतही गेली. मला वाईट वाटलं, त्यांना वाटलं असेल तर दाखवलं नाही. 'कपाट' आलं तसं गेलं, एवढंच म्हणाल्या.

पण आठवड्याभरात त्या पुन्हा ते पान घेऊन आल्या. 'करीन' हा मथळा खोडला होता आणि त्याजागी लिहिलं होतं, 'कराल का?' खाली चार सह्यांसाठी जागा. निवडून आलेल्या चौघांकडे त्या एक-एक करून जाणार होत्या. कायदा सगळ्यांना सारखाच आहे, क्षेत्रसभा घ्यायला अपक्ष असावं लागत नाही, हा त्यांचा युक्तिवाद. चौघांनीही चहा पाजला. तिघांनी 'बघतो' म्हटलं. एकाने पहिल्या तीन कलमांवर सही केली. चौथ्यावर नाही केली. "पक्षाचा आदेश असतो हो मॅडम," असं स्पष्ट सांगितलं.

काकूंना ते स्पष्ट सांगणं आवडलं. त्या सहीची झेरॉक्स आता आमच्या जिन्यात, पाण्याच्या वेळापत्रकाशेजारी लावलेली आहे. पहिली सभा कधी, ते अजून ठरलेलं नाही.

लोक म्हणतात अपक्ष उभे राहतात ते मतं खायला किंवा हौसेला. काही राहतातही. पण शहराचा कारभार सुधारायचा कार्यक्रम घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाकडून मला आता महापौर बदलायची अपेक्षा नाही, धरण बांधायची तर नाहीच. शहरासाठी मागायचं ते कोणाकडे हे त्याने सांगावं, आणि स्वतः करायचं ते मोजता येईल इतकं लहान ठेवावं. हे पक्षाच्या उमेदवारालाही जमण्यासारखं आहे. सवय नाही एवढंच.

असो. बरंच लांबलं. पुढच्या वेळी तुमच्या दाराच्या फटीतून पत्रक आत सरकलं, तर टाकून देण्याआधी पेन घ्या आणि प्रत्येक वाक्यापुढे लिहा : करीन की मागीन? दहा मिनिटांचं काम आहे. आणि तुमचं नाव कुठल्या गावच्या यादीत आहे तेही याच रविवारी बघून घ्या. निवडणूक लागल्यावर ते बदलायला वेळ मिळत नाही.